लिंबू, तंगूस आणि सायकलचा पंप: लॉनमोवरचा कार्ब्युरेटर घरी साफ करताना

चवथ (गणेश चतुर्थी) पंधरा दिवसांवर आली की आमच्या वाड्यावर एक ठरलेला आवाज सुरू होतो. दोरी ओढल्याचा. एकदा, दोनदा, दहादा. मग थोडी विश्रांती, थोड्या शिव्या आणि पुन्हा दोरी. अंगणातलं गवत गुडघ्याच्या वर गेलेलं असतं, मुंबईचे पाहुणे यायचे असतात आणि मशीन मात्र ढिम्म.

यात मशीनचा दोष फारसा नसतो. गोव्यात गवत जूनच्या पहिल्या पावसाबरोबर वर येतं आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत सुकतं. म्हणजे लॉनमोवर वर्षातले चार-पाच महिने पडवीच्या कोपऱ्यात उभा असतो, टाकीत गेल्या हंगामाचं उरलेलं पेट्रोल घेऊन. पहिल्यांदा माझं मशीन बंद पडलं तेव्हा फोंड्याच्या एका मेकॅनिकने टाकीचं झाकण उघडून नुसता वास घेतला आणि म्हणाला, "पात्रांव, पेट्रोल कुसलां." म्हणजे साहेब, पेट्रोल कुजलंय. पेट्रोल कुसतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते आणि ती नेमकी कार्ब्युरेटरमधल्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या भागातल्या, बारीक छिद्रांत जाऊन बसते. त्यात आता पंपावर मिळतं ते बहुतेक पेट्रोल ई-२० असतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. २०२३ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि गोव्याच्या हवेत ओलीला काय तोटा!

आधी खात्री करा

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी अर्धा तास बाकीच्या संशयितांसाठी द्या. मी स्वतः एकदा सगळा कार्ब्युरेटर खोलून, धुऊन, जोडून बसलो आणि शेवटी कळलं की टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र कुंभारीण माशीने मातीने लिंपून टाकलं होतं. टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल करून दोरी ओढली असती तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. सायलेन्सरचं तोंडही बघा, तिथेही या माशा घर करतात.

मग प्लग काढा. ब्रशने साफ करा, काळा कुळकुळीत आणि झिजलेला असेल तर नवा घ्या. एअर फिल्टर बघा. फोमचा असेल तर भांड्यांच्या साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून, इंजिन ऑइलचे चार थेंब चोळून पिळून घ्या. कागदाचा असेल तर नुसता झटका, धुऊ नका.

आता खरी परीक्षा. ताजं पेट्रोल दोन-तीन मिलिलिटर सिरिंजमध्ये घ्या, फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात सोडा, फिल्टर परत बसवा, पेट्रोलची बाटली चार पावलं लांब ठेवा आणि दोरी ओढा. मशीन दोन-तीन सेकंद धडधडून बंद पडलं, तर ठिणगी ठीक आहे आणि पेट्रोल पोचत नाहीये. गुन्हेगार सापडला. काहीच झालं नाही तर आधी प्लगकडेच बघत राहा, पुढचं वाचायची घाई नाही.

घरातून काय उचलायचं

हत्यारं थोडकीच लागतात: १० नंबरचा पाना (बहुतेक मशीनवर हाच चालतो), पक्कड, एक चपटा आणि एक चौफुली डिसमिस. चपट्या डिसमिसचं तोंड जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या, बारीक छिद्राच्या स्क्रूच्या) खाचेत नीट बसणारं हवं. जेट पितळेचा असतो, पितळ मऊ, आणि खाच एकदा झिजली की जेट निघता निघत नाही.

बाकी सगळं घरातलं. जुना टूथब्रश, लोणच्याची रिकामी काचेची बरणी, स्टीलचं एक भांडं जे परत स्वयंपाकघरात जाणार नाही (घरी आधी विचारा), भांड्यांचा साबण, पांढरं व्हिनेगर, खाण्याचा सोडा, एक लिंबू, नेलपॉलिश रिमूव्हर, औषधांच्या दुकानातली मोठी सिरिंज, सायकलचा पंप आणि फुटबॉलमध्ये हवा भरायची सुई. आणि गरीची तंगूस, म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी. गोव्यात ज्या घरात कोणीतरी मानशीवर (खाजणाच्या पाण्याच्या दारावर) किंवा पुलावर गरी टाकून बसत नाही असं घर विरळा, तेव्हा तंगूस मिळेलच.

व्हिनेगरबद्दल एक टीप. माडाच्या सुरेचं आपलं व्हिनेगर विंदालूसाठी राखा. त्यात रंग असतो, गाळ असतो, आणि तो गाळ तुम्हाला कार्ब्युरेटरमध्ये नको आहे. दुकानातलं स्वच्छ, पाण्यासारखं दिसणारं स्वस्त व्हिनेगर यासाठी उत्तम. आमसुलाचं आगळही नको. आंबट असलं तरी त्यात मीठ असतं, आणि मीठ अ‍ॅल्युमिनियमला खातं. सॅनिटायझरची जेल वापरून बघायचा मोह होतो, पण तिचा चिकटा मागे राहतो.

काम बाहेर करा. बल्कांवात (घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर), सोप्यावर, जिथे वारा खेळतो तिथे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. म्हणून तुळशीपुढे दिवा लावायची वेळ टाळा, विडी-सिगारेट लांब, आणि स्वयंपाकाच्या गॅसजवळ हे सामान नेऊच नका. इंजिन थंड हवं. प्लगची टोपी काढून बाजूला बांधून ठेवा, म्हणजे पातं चुकून फिरलं तरी इंजिन सुरू होणार नाही.

उघडताना

टाकी रिकामी करा. सिरिंजला नळी जोडून पेट्रोल ओढा. तोंडाने ओढायची जुनी सवय असेल तर ती इथेच सोडा. काढलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत तासभर ठेवून बघा: तळाला वेगळा थर किंवा गोळे दिसले तर ते पाणी, किंवा पाणी पिऊन खाली बसलेलं इथेनॉल. ते पेट्रोल गटारात, शेतात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. आपल्याकडे घरोघरी विहीर, आणि थोडं पेट्रोलही पाणी पिण्यालायक ठेवत नाही. वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

मशीन आडवं करायची वेळ आली तर कार्ब्युरेटर आणि फिल्टरची बाजू वर राहील असंच करा, नाहीतर इंजिनचं ऑइल फिल्टरमध्ये उतरतं आणि नवीनच काम निघतं.

सगळा कार्ब्युरेटर लगेच काढू नका. त्याच्या खालची वाटी बघा. तिच्या मधोमध एक बोल्ट असतो. खाली भांडं धरा, बोल्ट सोडा, वाटी खाली येईल. हीच ती जागा जिथे पेट्रोल साठून राहतं आणि तरंगता फ्लोट त्याची पातळी सांभाळतो. तळाला पाण्याचे थेंब, पांढरी भुकटी, तपकिरी डिंक, कधी हिरवट शेवाळासारखं काहीतरी दिसेल. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा काम इथेच संपतं. वाटी पुसायची, मधल्या खांबातला मुख्य जेट खालूनच डिसमिसने काढायचा, साफ करून बसवायचा. काही इंजिनांत वाटीचा बोल्ट हाच जेट असतो, त्याला आडवी-उभी छिद्रं असतात. तेव्हा बोल्ट फेकल्यासारखा बाजूला टाकू नका.

जेट डोळ्यासमोर धरून आकाशाकडे बघा. मध्ये स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे. छिद्र अर्धा ते पाऊण मिलिमीटरचं असतं. चंद्रकोर दिसली किंवा काहीच दिसलं नाही, तर रोग सापडला.

डिंक जास्त असेल तर अख्खा कार्ब्युरेटर काढावा लागतो. इथे एक गोष्ट मी हट्टाने सांगतो: मोबाइलवर फोटो काढा, प्रत्येक नट सोडण्याआधी, दोन बाजूंनी. थ्रॉटलला, म्हणजे इंजिनचा वेग कमी-जास्त करणाऱ्या झडपेला, एक तार आणि एक नाजूक स्प्रिंग जोडलेली असते. ती कुठल्या भोकात होती हे तुम्हाला आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही. चुकीच्या भोकात गेली तर इंजिन वेड्यासारखं पळतं किंवा रडत राहतं. स्प्रिंग ताणूनही काढू नका. कार्ब्युरेटर थोडा फिरवला की ती आपोआप सुटते. पॅकिंगं कुठल्या क्रमाने होती तेही फोटोत येऊ द्या.

फ्लोटची पिन बाजूने ढकलून काढा. फ्लोटबरोबर छोटी सुई येईल. तिच्या टोकावर रबर असतं आणि त्यावर गोल खाच पडली असेल तर ती बदलायची, धुऊन उपयोग नाही. फ्लोट कानाजवळ हलवा. आत खळखळ ऐकू आली तर तो फुटला आहे. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, भोक असेल तिथून बुडबुडे निघतात.

बाजूला हवेचा एखादा स्क्रू असेल तर तो काढण्याआधी हलक्या हाताने आत, टेकेपर्यंत फिरवा आणि किती फेरे झाले ते कागदावर लिहा. मग काढा. जोडताना तेवढेच फेरे बाहेर सोडायचे. लिहायला विसरलात तर दीड फेऱ्यापासून सुरुवात करा.

जेट जाम असेल तर जोर लावू नका. कार्ब्युरेटरचं अंग गीझरच्या कडकडीत पाण्यात पाच मिनिटं ठेवा. अ‍ॅल्युमिनियम पितळेपेक्षा थोडं जास्त प्रसरण पावतं, पकड सैल होते, मग डिसमिस सरळ दाबून फिरवा.

दोन प्रकारची घाण, दोन प्रकारचं औषध

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात एक नियम होता: समई घासायला चिंच किंवा बिंबल, पण आंबट आमटी अ‍ॅल्युमिनियमच्या टोपात कधी नाही. कार्ब्युरेटर साफ करण्याचं निम्मं शास्त्र यातच आहे. जेट पितळेचा, अंग अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताच्या ओतकामाचं, वाटी बहुधा पत्र्याची, पॅकिंग आणि सुईचं टोक रबराचं. एका भांड्यात सगळं टाकून एकच द्रव ओतणं म्हणजे समई, टोप आणि पापलेट एकत्र धुणं.

मी ते केलं आहे. अख्खा कार्ब्युरेटर, सुईसकट, रात्रभर नुसत्या व्हिनेगरमध्ये. सकाळी अंग काळवंडलेलं, वाटी बसते त्या कडेला खड्डे पडलेले. पॅकिंग कितीही आवळलं तरी पेट्रोल झिरपत राहिलं. शेवटी नवा घ्यावा लागला.

आता नीट. तपकिरी, चिकट, जुन्या वार्निशसारखा वास येणारी घाण ही पेट्रोलची राळ. तिच्यावर आंबट काही चालत नाही, तिला विरघळवणारा द्रव लागतो. नेलपॉलिश रिमूव्हरच्या बाटलीवर अ‍ॅसिटोन लिहिलेलं बघून घ्या, तेल घातलेलं नको. नसेल तर रंगाच्या दुकानातला थिनर. सुटे केलेले पितळी जेट आणि जेटमागची लांबट नळी (ती कशी काढायची ते पुढे, छिद्रांच्या भागात) काचेच्या बरणीत टाका, वर द्रव ओता, झाकण लावा, अर्धा तास विसरा. प्लास्टिकचा पेला किंवा थर्माकोल वापरू नका, डोळ्यांदेखत विरघळतो. फ्लोट, सुई, रबरी रिंगा या बरणीजवळही नकोत. अंगाला बुडवण्यापेक्षा टूथब्रशने तोच द्रव लावून घासणं बरं, कारण थ्रॉटलच्या दांड्याला कधी कधी आत छोटी सीलं असतात. हातमोजे घाला, नाहीतर दोन दिवस बोटं पांढरी पडून कोरडी होतात.

पांढरी किंवा हिरवी भुकटी ही दुसरी जात. ती पाण्याने धातूला लागलेली कीड, तिच्यावर मात्र आम्ल. पण त्याआधी राळ काढून साबणाच्या गरम पाण्याने सगळं धुऊन घ्या, कारण राळेच्या थराखाली आम्ल पोचतच नाही. अंगासाठी व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं, दहा मिनिटं, फार तर पंधरा, आणि दर पाच मिनिटांनी काढून बघायचं. बारीक बुडबुडे आले तर आम्ल काम करतंय. नंतर तेच बुडबुडे भुकटी संपून धातू खायला लागल्याचे असतात, म्हणूनच घड्याळ लावायचं. पितळी जेटला गाळलेल्या लिंबाच्या रसात दहा मिनिटं पुरेत, समईसारखा चकाकतो. पत्र्याच्या वाटीला गंज असेल तर ती तासभर व्हिनेगरमध्ये राहिली तरी हरकत नाही.

बाहेर काढल्यावर पाणी, मग ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात एक बुडी, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं, मग परत भरपूर गरम पाणी. धुण्याचा सोडा किंवा नाल्या मोकळ्या करायची पावडर मात्र अजिबात नाही. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम विरघळवतं. आणि व्हिनेगरजवळ ब्लीचची बाटली आणू नका, दोन्ही मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

छिद्रं

धुतलं म्हणजे झालं नाही. खरा अडथळा आत असतो. लोक सुई खुपसतात, टाचणी खुपसतात, गिटारची तार घालतात. पोलाद पितळेपेक्षा कठीण, छिद्र रुंदावतं, आणि मग मशीन जास्त पेट्रोल पिऊन काळा धूर सोडत राहतं. मी पातळ तंगूस वापरतो. टोक तिरकं कापायचं, हळूहळू आत-बाहेर. फारच घट्ट असेल तर विजेच्या लवचिक वायरमधली तांब्याची एक बारीक तार. तांबं पितळेपेक्षा मऊ, ओरखडा पडला तर तारेला पडतो. मोठ्या वाटांसाठी माडाच्या झाडूची हीर चांगली, पण ओली घ्या. वाळकी हीर आत मोडली तर ती काढायला अर्धी दुपार जाते.

जेटमागे एक लांबट नळी असते, तिच्या अंगभर बारीक भोकं. कार्ब्युरेटर उलटा करून हलकेच आपटला की ती खाली पडते. पुष्कळ लोक ती आतच विसरतात आणि मग दुसऱ्या दिवशी परत सगळं उघडतात. तिचं एकेक भोक उजेडात बघा.

आता सिरिंजने साबणाचं पाणी अंगातल्या प्रत्येक वाटेतून ढकला. एका छिद्रात शिरलेलं पाणी दुसऱ्या कुठल्यातरी छिद्रातून बाहेर यायलाच हवं. कुठून येतं ते बघत गेलात की आतला सगळा नकाशा आपोआप समजतो. चष्मा लावा, कारण ते पाणी हमखास डोळ्याकडेच उडतं. सिरिंजमध्ये थिनर भरू नका, तिचं रबर फुगून अडकतं.

मग हवा. सायकलच्या पंपाला फुटबॉलची सुई लावा, छिद्रावर टेकवा, सुईभोवती बोटाने दाबून धरा आणि कोणाला तरी पंप मारायला सांगा. घरातलं मूल या कामावर खुशीने येतं. पंक्चरवाल्याकडची हवा जोरदार असते खरी, पण फ्लोट आणि सुई बसवलेली असताना ती मारू नका.

वाळवणं हा पावसाळ्यात वेगळा विषय. ऊन नसतंच. शेवटचं धुणं उकळत्या पाण्याने केलं की धातू तापतो आणि पाणी स्वतःच उडतं. पुढे केस वाळवायचं मशीन चालेल, पण थिनर किंवा रिमूव्हरचा वास पूर्ण गेल्यावरच.

जोडणी

वाटीचं रबरी पॅकिंग फुगून खाचेत बसेनासं झालं असेल तर घाबरू नका. पेट्रोल प्यायलेलं रबर वाऱ्यावर पाच-सहा तास ठेवलं की आकसतं. चिरलं असेल तर नवं. कागदी पॅकिंग फाटलं तर फिल्टरच्या बाजूला जाड पुठ्ठा कापून वेळ मारून नेता येते, पण इंजिनच्या बाजूला स्पेअर पार्टच्या दुकानातला पॅकिंगचा कागदच हवा. सिलिकॉनचा डिंक कुठेही लावू नका. पेट्रोलने तो सुटतो आणि त्याचे तुकडे थेट जेटमध्ये.

फ्लोट आणि सुई बसवल्यावर कार्ब्युरेटर उलटा धरा. फ्लोट साधारण कडेला समांतर दिसला पाहिजे. पेट्रोलच्या तोंडाला नळीचा स्वच्छ तुकडा लावून फुंका: उलटा असताना हवा अडली पाहिजे, सुलटा केल्यावर मोकळी गेली पाहिजे. बोल्ट बेताने आवळा, अ‍ॅल्युमिनियमचे आटे लवकर बसतात.

सुरू करण्याआधी इंजिनच्या ऑइलची काठी काढून वास घ्या. हे कोणी सांगत नाही. सुई गळत असेल तर टाकीतलं पेट्रोल रात्रीतून ऑइलमध्ये उतरलेलं असतं. पातळी वाढलेली, वास पेट्रोलचा, असं दिसलं तर ऑइल बदलल्याशिवाय दोरीला हात नको.

अर्धा लिटर ताजं पेट्रोल घाला. दोन मिनिटं थांबा, वाटी भरू द्या, खाली गळतंय का बघा. गळत असेल तर डिसमिसच्या मुठीने वाटीवर दोन टिचक्या. बहुतेक वेळा अडकलेली सुई बसते. चोक लावा, दोरी ओढा. पहिला धूर निघेल, जाऊ द्या. चोक काढल्यावर इंजिन वर-खाली, वर-खाली करत राहिलं आणि अर्ध्या चोकवर मात्र सरळ चाललं, तर अजून कुठेतरी छिद्र अर्धवट बंद आहे किंवा पॅकिंगमधून हवा शिरते आहे. तसंच रेटू नका, वाटी परत खाली घ्या. दुसऱ्यांदा हे काम वीस मिनिटांत होतं.

खांद्यावरचं ग्रास कटर असेल तर यातलं बरंच लागू नाही. त्यात वाटी-फ्लोट नसतो, पातळ पडदे असतात आणि आम्ल किंवा अ‍ॅसिटोन लागलं की ते संपतात. तिथे फक्त चार स्क्रूंखालची छोटी जाळी ताज्या पेट्रोलने आणि मऊ ब्रशने धुवा. पडदे कडक झाले असतील तर त्यांचा संच विकत आणा.

माझ्या अंगणातली शेवटची कापणी आता शिगम्याच्या (होळीच्या सणाच्या) आधी होते. त्या दिवशी मी पेट्रोलचा कॉक बंद करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो, वाटीचा बोल्ट अर्धा सोडून राहिलेले थेंब भांड्यात घेतो आणि टाकीतलं ताजं पेट्रोल त्याच संध्याकाळी स्कूटरमध्ये जातं. झाकणाच्या छिद्रावर कापडाची चिंधी बांधतो, कुंभारिणीसाठी.